चादरीखालचं झाड

नाताळाला चार दिवस उरले होते आणि घरात दोन पक्ष पडले होते. सासरे म्हणत, झाड खरंच हवं. सून म्हणे, खरं झाड म्हणजे घरभर सुईसारख्या पानांचा सडा, आणि नऊ महिन्यांची लेक मुंगी जमिनीवरचं काहीही उचलून थेट तोंडात घालते. म्हणून तर तिचं नाव मुंगी पडलं होतं. नवरा दोघांसमोरही मान डोलवायचा आणि कामावर सटकायचा.

"प्लॅस्टिकचं झाड लावणार असाल तर केकही कागदाचाच कापा," सासरे म्हणाले. "झाड नुसतं बघायचं नसतं सूनबाई, हुंगायचं असतं."

त्यांच्या तोंडी ते शोभतही होतं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. डोळे मिटून लाकडाचा तुकडा नाकाशी धरायचे आणि झाड कुठलं ते सांगायचे. बरोबरचे सुतार नवीन लाकूड आलं की म्हणत, "नाकाला बोलवा रे."

तरीही शनिवारी दुपारी, ते झोपले असताना, सुनेनं खोटं झाड आणलं. सोमवारपासून तिला पुन्हा नोकरीवर जायचं होतं, मुंगीला दिवसभर त्यांच्याच हवाली करून. घशात पान अडकलेली मुंगी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. झाड कोपऱ्यात उभं करून तिनं त्यावर चादर टाकली. चहा देताना गोडीगुलाबीनं सांगू, असं ठरवलं.

पण सासरे आधीच उठले. दारातच थबकले, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.

"आणलंस तर! अगं, चादरीनं वास झाकता येतो होय? अस्सल पाइन. चीक अजून ओला आहे."

तिला वाटलं, टोमणा आहे. "पुरे हं बाबा," ती हसून म्हणाली.

"पुरे काय? घर कसं घमघमतंय!"

टोमणा नव्हता. तिचं हसू ओठांवरच सुकलं.

एवढ्यात सासऱ्यांनी सतरंजीवरच्या मुंगीला उचलून मांडीवर घेतलं. मुंगीनं नुकताच डायपरमध्ये मोठा कार्यक्रम उरकला होता. सुनेला चार हातांवरून नाक धरावंसं वाटलं. सासऱ्यांनी मात्र नातीच्या टाळूची सावकाश पापी घेतली. "हिलाही झाडाचा वास आवडलेला दिसतोय."

सुनेला मंगळवार आठवला. दूध करपून भांडं काळंठिक्कर झालं होतं आणि हे ओट्याला खेटून पेपर वाचत होते. 'वाचनात गढलो गं,' म्हणाले होते, आणि तिनं थट्टा केली होती. दूध होतं म्हणून थट्टा. गॅस सुटला असता तर? खोलीत हे दोघंच असते तर?

तिनं पुढे होऊन मुंगीला जवळजवळ ओढूनच घेतलं आणि दुसऱ्या हातानं चादर खेचली.

सासरे उठले. एक पान चिमटीत धरून चुरायला गेले. ते चुरलं नाही. त्यांचा हात तिथंच राहिला.

"कधीपासून, बाबा?"

"त्या मोठ्या तापानंतर. दीड वर्ष झालं." ते झाडाकडेच बघत होते. "वाटलं, खरं झाड आणलं तर एखादे वेळी... निदान तेवढा तरी वास येईल."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं तर सोडली असतीस हिला माझ्याकडे?"

"नाही," ती म्हणाली. चिमुरडीला तिनं इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरायला लागली.

सासरे स्वयंपाकघरात गेले. सिलिंडरवर काहीतरी खट्‌ झालं. परत आले ते रेग्युलेटर घेऊन, आणि तो त्यांनी तिच्या मोकळ्या हातात ठेवला.

"हा रोज पर्समध्ये घालून ने. पेज थर्मासमध्ये ठेव. चहा नाही मिळाला तर मरत नाही मी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "डायपर घड्याळ लावून बघीन. नाकानं नाही तर डोळ्यांनी."

रेग्युलेटर हाताला जड लागत होता. सोमवार तोंडावर होता.

"किती-किती वेळानं बघाल?" तिनं अखेर विचारलं.

"तासातासानं."

"अर्ध्या तासानं," ती म्हणाली, "आणि दर वेळी मला फोन करून सांगायचं."

सासऱ्यांनी मान हलवली. तिच्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.