मारोतीपासून पंधरा फूट

किसनरावांच्या शेताला तारेचं कुंपण घालायचं ठरलं ते रानडुकरांमुळे. हरभरा घाट्यांनी भरला आणि आठ दिवसांत डुकरांनी अर्धा लोळवला. सिमेंटचे खांब आले, तारेची बंडलं आली. पण मुलगा अंकुश अडून बसला. "आधी मोजणी, मंग खांब."

"मोजणी कायले पाह्यजे?" किसनराव म्हणाले. "धुऱ्यावर मारोती आहे न. त्याच्या अल्याड आपण, पल्याड रूपराव. मी जन्मापासून पाहून राह्यलो."

रोहण्याच्या शिवारात ही दोन शेतं शेजारी-शेजारी. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हद्दीचा दगड, आणि त्या दगडाला आजोबा-पणजोबांनी शेंदूर लावून मारोती केलेला. आता त्याला सिमेंटचा ओटा आहे. वरचा पत्रा किसनरावांनी घातला, खालची फरशी रूपरावनं. शेजारी मोठा कडुनिंब. दोन्ही घरांत धुऱ्यावरून कधी शब्दाला शब्द झाला नव्हता. त्यामुळे मोजणीचा अर्ज केला तेव्हा रूपरावनंही हसून सही केली.

मोजणीला दिपाली मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात उंच काठीवर बसवलेलं यंत्र. दोन तास त्या शिवारात हिंडल्या, नाल्याकाठचा जुना दगड पाहिला, नकाशा उघडला, मिटला. मग सरळ रूपरावच्या शेतात गेल्या आणि तिथं लाल झेंडी रोवली.

किसनरावांना वाटलं, पाहुणी चुकून दुसऱ्याच्या दारात शिरली. त्यांनी अदबीनं हाक मारली. "मॅडम, मारोती इकडे आहे."

"दिसला, काका. पण हद्द इथे आहे."

"तिथं कशी राहील? तिथं त रूपराव आहे."

रूपराव खरोखरच तिथं उभा होता. तो दोन पावलं मागे सरकला, जणू तेवढ्यानं काही फरक पडणार होता. मॅडमनी पुन्हा मोजलं. यंत्र तेच सांगत होतं. मग त्यांनी टेप काढला. झेंडीपासून मारोतीपर्यंत पंधरा फूट चार इंच. झेंडीपासून नाल्याकडे चुन्याची रेघ मारत गेले तर रेघ रूपरावच्या विहिरीच्या काठावर जाऊन थांबली, आणि पलीकडच्या काठावरून पुढे निघाली.

चौघंही विहिरीत वाकून पाहू लागले, जणू रेघ पाण्यात कुठे दिसेल.

"म्हणजे अर्धी विहीर आमची?" अंकुशनं विचारलं.

"नकाशाप्रमाणे, हो."

"मंग मोटार कोणाच्या अर्ध्यात आहे?" रूपराव म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. आठ वर्षांपूर्वी त्यानं ही विहीर खोदली होती, आणि तिच्या जोरावर दोनशे संत्र्याची झाडं लावली होती. यंदा त्यांना पहिला बहार धरला होता. रेघेवर तार लागली तर विहीर अर्धी तारेच्या आत जाणार होती, आणि झाडं बाहेर उभी राहणार होती.

अंकुश हळूच म्हणाला, "बाबा, सरकारी मोजणी आहे. आपलं ते आपलंच."

"अरे पण आपलं आहे काऊन?" किसनराव ओट्यावर बसले. "देव हलला नाई, आपण हललो नाई. मंग जमीन सरकली का?"

मॅडमनी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि शांतपणे विचारलं, "हा दगड कधी हलवला होता का? हद्दीचा दगड झाडाला एवढा खेटून कोणी रोवत नाही."

"देवाले कोण हलवते, मॅडम?" किसनराव दुखावल्यासारखे झाले. "इथं बेचाळीस वर्षांपूर्वी चैत्रात सप्ताह झाला. सात दिवस सकाळी कीर्तन. बुवा याच मारोतीपुढे उभे राह्यचे. मी झांज धरून. ते सातही कीर्तनं मले पाठ आहेत, कुठंही विचारा."

हे खरं होतं. अख्ख्या रोहण्याला माहीत होतं. कोणी नुसता विषय काढला की किसनराव पूर्वरंगापासून सुरू होत. बुवा कुठे थांबले, कुठे डोळे पुसले, कोणत्या ओवीला पेटीवाला चुकला, सगळं.

इतक्यात रूपरावची आई, कमलाबाई, चहाची किटली घेऊन बांधावरून आल्या. त्यांनी कप भरले, झेंडी पाहिली, रेघ पाहिली, विहिरीकडे गेलेली पाहिली.

"मॅडम बरोबर बोलते," त्या म्हणाल्या.

"माय, तू कायले मधात?" रूपराव म्हणाला.

"मारोती तिथंच होता. झेंडी आहे तिथंसा. पयल्या दिवशी मी देवाच्या पुढे बसली होती. तू सव्वा महिन्याचा, मांडीवर. ऊन निस्तं डोळ्यांत. तू रडाले लागला, मी उठून घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली त देव इथं, निंबाच्या सावलीत."

"वहिनी, तुमाले दुसरंच काही आठवून राह्यलं," किसनराव म्हणाले. "तसं झालं असतं त मले मालूम नसतं का?"

"सांगा मंग, भाऊजी. पयल्या दिवशीचं आख्यान कोणतं होतं?"

"सुदाम्याचं." किसनरावांचा चेहरा उजळला. त्यांनी मांडी घातली, हाताची बोटं आपोआप झांज धरल्यासारखी झाली. "सुदामा द्वारकेहून परत आला. गावाच्या वेशीवर उभा. झोपडी होती तिथं वाडा. म्हणते, माझं घर कुठं गेलं, माझी जागा कोणती. इकडे पाहते, तिकडे पाहते. बुवांनी त्याले असा उभा केला, उपरणं हातात, आणि..."

ते थांबले.

"आणि?" मॅडमनी विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता.

"आणि..." किसनरावांनी निंबाकडे पाहिलं, मग झेंडीकडे. दुसऱ्या दिवशीचं ध्रुवाचं आख्यान त्यांना अक्षर न् अक्षर आठवत होतं. तिसऱ्याचं, चौथ्याचंही. सुदामा मात्र वेशीवर उभा होता, आणि त्याच्या पुढे काहीच नव्हतं. आरती नाही, प्रसाद नाही. बेचाळीस वर्षांत त्यांनी ही कथा किती जणांना सांगितली असेल. दर वेळी इथवर येऊन ते म्हणायचे, 'पुढचं तुमाले मालूमच आहे.'

"मी नव्हतो," ते हळू आवाजात म्हणाले. "मी उठून गेलतो."

"कुठं गेले होते?" अंकुशनं विचारलं.

"सब्बल आणाले. गावात." आता एकेक गोष्ट मातीतून निघावी तशी निघत होती. "वहिनी लेकरू घेऊन उठल्या न, तवा हरिदास, रूपरावचा बाप, मले म्हणे, किसन, बाया उन्हात कशा बसतील सात दिवस? माह्या घरची त गेलीच उठून. देवाले सावलीत घेऊ. मी सब्बल आणली, लोखंडी पहार, त्यानं शेंदूर आणला. संध्याकाळी दोघांनी उचलला. मोठा जड होता, बाप्पा. माह्या अंगठ्यावर पडला होता." त्यांनी डावा पाय पुढे केला. अंगठ्याचं नख वाकडं होतं. ते कशानं वाकडं झालं हे आजवर घरात कोणाला माहीत नव्हतं, त्यांनाही नाही.

पुढं काय झालं ते सांगायची गरज नव्हती. पाऊस पडला, नांगर आले, बैल देवाला वळसा घालून वळले. दोन हंगामांत धुरा मारोतीच्या मागोमाग सरकला. हरिदास वारला. रूपरावनं विहीर खोदली ती स्वतःच्याच शेतात समजून.

कमलाबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "देव जुन्या जागी नेऊन ठेवा, भाऊजी. पोराच्या विहिरीसाठी मी देवाच्या जागेवर खोटं बोलली नाई. आता तुमी मागे-पुढे पाहू नका."

रूपराव खाली मान घालून विहिरीच्या काठावरचं गवत उपटत होता.

किसनरावांनी वाकड्या नखाचा पाय मागे घेतला. मग म्हणाले, "नाई वहिनी. दगड सरकवला त जमीन सरकते, हे मले समजलं नाई, ते खरं. पण तो मीच उचलला, ह्याच हातांनी, आणि कीर्तनासाठी उचलला. ते मी वापस घेऊ कसं? तार मारोतीपाशी लागंल."

"बाबा," अंकुश म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. तो टेपकडे पाहत होता. "लागू द्या. पण कागद करा. पंधरा फूट रूपरावदादाले लिहून द्या, रीतसर. नाई त माह्ये लेकरं अशीच इथं उन्हात उभी राहतील, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत."

"मी नकाशातली हद्दच लिहीन," दिपाली मॅडम म्हणाल्या. "ती खोडता येत नाही. पुढचं तुम्ही कचेरीत या, कसं करायचं ते सांगते." त्यांनी कागदावर झेंडी लिहिली, खाली मारोती लिहिला, मध्ये पंधरा फूट चार इंच. सह्या झाल्या. रूपरावची सही वाकडी आली. त्यानं किसनरावांचे पाय धरायला वाकावं तर त्यांनी त्याच्याच हाती पहिल्या खांबासाठी सब्बल दिली.

"हळू," ते म्हणाले. "अंगठा सांभाळजो."

खड्डा खणला जाऊ लागला. किसनराव कमलाबाईंच्या शेजारी निंबाच्या सावलीत बसले.

"वहिनी, सुदाम्याचं पुढं काय झालं हो? म्हणजे घर सापडते, ते मालूम आहे. पण बुवांनी ते कसं सापडवलं?"

"मले काय मालूम? मी तुमच्याही आधी उठली होती."

"रूपराव, तुले काही?"

रूपराव खड्ड्यातून वर पाहत म्हणाला, "मले इचारू नका, काका. मी त रडत होतो."