या खेपेची पाहणी माझी

आमच्या घरात बदलीचा हुकूम आला की आधी पाहणी होते. म्हणजे आमचे हे नव्या तळावर जाऊन येतात आणि जेवणाच्या टेबलापाशी ताठ उभे राहून अहवाल देतात. बसून देत नाहीत, बसून दिलेला अहवाल बहुतेक बाद होत असावा. "पाणी, उपलब्ध. रस्ता, पक्का. बाहेर पडण्याच्या वाटा, दोन. धोका, काही नाही." एवढं झालं की घोटभर पाणी पितात आणि आता जेवायला वाढ अशा नजरेने माझ्याकडे बघतात.

हे सैन्याच्या रसद खात्यात आहेत. हजार माणसांचं धान्य, डिझेल आणि पांघरुणं कुठून कुठे न्यायची ते यांना झोपेतही सांगता येतं. बायको आणि मुलगी तेवढ्या सामानाच्या यादीत बसत नाहीत. एका घराच्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती, तर म्हणे वाटा दोन आहेत ना, मग खिडकी कशाला? एका घरी कवायतीच्या मैदानाचा भोंगा थेट आमच्या उशीवर रोखलेला होता. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "भोंगा म्हणजे काही धोका नव्हे." घ्या! बोला आता याच्यापुढे.

तर या वेळी बदलीचा हुकूम आला आणि आमच्या बुटकीने जेवणाच्या ताटावरच जाहीर केलं, "मी येत नाही." बुटकी म्हणजे आमची एकुलती एक. नाव लहानपणी पडलं ते पडलं, आता माझ्या डोक्यावरून हात घालून वरच्या फळीवरचे डबे काढते. चौदा वर्षांची आहे. दर नव्या शाळेत गेली की पहिले काही महिने कोणी बोलायला नाही, मग कोणीतरी एक मैत्रीण मिळते, आणि मैत्रीण घरी यायला लागली की आमचा ट्रक दारात उभा.

"मावशी म्हणते माझ्याकडे राहा," बुटकी म्हणाली. "शाळा पण तिच्या घरासमोर आहे."

"मावशी काय, काहीही म्हणेल," मी म्हटलं. माझी सख्खी बहीण आहे, मी म्हणू शकते.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे, बघायला कोणीतरी जा. पण बाबा नकोत, तू जा. आणि तिथूनच मला फोन कर आणि खरं काय ते सांग. चांगलं असेल तर येते, नसेल तर मावशी. पण खरं सांगायचं हं, आई."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वीस वर्षांची नोकरी, आणि घरातलं पाहणीचं खातं काढून घेतलं!

आता तुम्ही म्हणाल, मग आई पण राहील की मुलीबरोबर. तर नाही. एकतर बहिणीच्या घरात एक खाट जास्तीची मावते, दोन मावत नाहीत. आणि दुसरं म्हणजे मागे एकदा यांना एकटं सोडलं होतं, तेव्हा गोळ्या डबीत राहिल्या आणि रक्तदाब आभाळात गेला. हजार माणसांना वेळेवर जेवू घालणाऱ्या माणसाला इस्पितळातून आणावं लागलं. त्यामुळे मला जाणं भागच होतं. आणि सरळ सांगते, मला बुटकी बरोबर हवी होती. हवी म्हणजे हवीच. तळ चांगलाच निघू दे, असं मनाशी घोकत मी बसमध्ये चढले.

रविवार मुद्दाम निवडला होता. म्हटलं, रविवारी सगळी पोरं घरी असतात, एक नजर टाकली की कळेल.

फाटकावर माझं ओळखपत्र तीन जणांनी पाहिलं. तिघांनीही फोटोकडे आणि माझ्याकडे असं आळीपाळीने बघितलं की मलाच शंका यायला लागली. मग स्वागत समितीच्या बाई आल्या. नव्या कुटुंबाला तळ दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं. कडक इस्त्रीचे कपडे आणि केसांचा अंबाडा असा की वादळात छप्पर उडेल, अंबाडा हलणार नाही. त्यांना सगळंच छान वाटायचं. रस्ता छान, हवा छान, फाटकावरचे शिपाई छान. पहिल्या दहा मिनिटांतच मी मनातल्या मनात त्यांचं नाव छानबाई ठेवून टाकलं.

रस्त्याच्या कडेचा दगड न् दगड पांढऱ्या रंगाने रंगवलेला. झाडांची खोडं कंबरेपर्यंत रंगवलेली. एक म्हातारं कुत्रं सावलीला पडलं होतं, तेवढं राहिलं होतं रंगवायचं. "तपासणी जवळ आलीय," छानबाई म्हणाल्या. "एरवी पण छानच असतं."

घर खरंच बरं निघालं, खोटं कशाला बोला. स्वयंपाकघराला खिडकी होती. मी ती दोनदा उघडून दोनदा बंद केली. मागच्या बाजूला एक छोटी खोली होती, तिच्यात सकाळचं ऊन येत होतं. बुटकीचं टेबल इथे, पलंग तिथे, असं मी भराभर मांडूनही टाकलं. नळाला पाणी आलं ते आधी लाल, मग पिवळं, मग पाण्याच्या रंगाचं. "लोह असतं त्यात, तब्येतीला छान," छानबाई म्हणाल्या. बाई गं! मी म्हटलं, चालेल, लोह चालेल.

मग त्यांनी मला मुलांची बाग दाखवली. इतकी सुंदर बाग मी एकाही तळावर बघितली नव्हती. घसरगुंडी, झोपाळे, चढायच्या दोरखंडांचं जाळं, खाली मऊ वाळू. वाळूवर दाताळ्याच्या रेघा अशा सरळ ओढलेल्या की पाय ठेवायची छाती होऊ नये. मी झोपाळ्याला हात लावला तर पाटावर कारखान्यातून आलेला प्लास्टिकचा कागद तसाच चिकटलेला.

"नवा बसवला वाटतं?"

"नाही, झाली की दोन वर्षं," छानबाई म्हणाल्या. मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, घाईघाईने म्हणाल्या, "आमची मुलं फार व्यवस्थित खेळतात."

वा! आमच्या बुटकीने एका झोपाळ्याची साखळी आठवड्यात तोडली होती. इथली मुलं म्हणजे देवदूतच म्हणायची.

ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली. मी एक पुस्तक काढून उघडलं तर कटकन बांधणीचा आवाज आला, कोणीतरी पहिल्यांदाच उघडत होतं त्याला. पोहण्याचा तलाव होता, त्यात पाणी नव्हतं. तपासणीच्या दिवशी भरतात म्हणे, आणि मग फार छान दिसतो. मला आता काहीतरी खटकायला लागलं होतं. दोन तास मी या तळावर फिरत होते. बाबागाडीतलं एक बाळ सोडलं तर एक मूल दिसलं नव्हतं, कुठून आरडाओरडा नाही, कोणाची सायकल आडवी पडलेली नाही, एक फुटलेली काच नाही.

"मुलं कुठे आहेत हो?" मी विचारलं.

"शाळेत."

"आज रविवार आहे."

"जादा तास असतात," छानबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना छान म्हणायची आठवण राहिली नाही.

"मला एखादी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी भेटवा ना. पाच मिनिटं बोलते, बस."

"आधी चहा घेऊ या," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरी आणखी तिघी जमल्या होत्या. तळावरच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई, बँडमास्तरांची बायको आणि भटारखाना सांभाळणाऱ्यांची बायको. बसले नाही बसले तोच तिघींनी मला घेरलं. मला म्हणजे मला नाही, माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मुलगी कितवीत आहे? तिला गोड आवडतं का तिखट? गाते का? गात नसली तरी हरकत नाही, बँडमास्तरांची बायको शिकवेल. केस लांब आहेत का? वेणी घालू देते का कोणाला? भटारखानेवाल्या बाईंनी तर तिच्यासाठी केक करायचा कुठला, हेही ठरवून टाकलं होतं. लग्नाच्या मुलीचीसुद्धा कोणी इतकी चौकशी करत नाही.

बशी ठेवायला मी आत गेले तर बाजूच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंग, पलंगावर चादर इतकी ताणून घातलेली की नाणं टाकलं तर उडेल. कपाटावर धावण्याच्या शर्यतीतले कप ओळीने. अभ्यासाच्या टेबलावर मात्र इस्त्री ठेवली होती, आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. मी बाहेर येऊन सरळ विचारलं, "तुमचा मुलगा कुठे असतो?"

छानबाई म्हणाल्या, "सध्या बाहेर गेलाय."

"तीन वर्षं झाली की त्याला," बँडमास्तरांची बायको पटकन बोलून गेली आणि मग जीभ चावली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच कप खाली ठेवला. "अहो, किती वेळ लपवणार? शाळा टेकडीपलीकडे आहे. रस्ता एकच, आणि तो गोळीबाराच्या मैदानाला लागून जातो. सराव असला की लाल निशाण चढतं आणि रस्ता बंद. अर्धा महिना लाल निशाण असतं. माझी मुलगी पाचवीत गणितात नापास झाली, कारण गणिताच्या प्रत्येक तासाला तोफखान्याचा सराव. आजीकडे पाठवली. ह्यांचा मुलगा वसतिगृहात आहे, ह्यांची दोघं काकाकडे. ज्यांची मुलं शाळेत जाणारी, पण एकटी पाठवायला फारच लहान होती, त्या आया मुलांना घेऊन माहेरी गेल्या. इथे मुलांसाठी सगळं आहे, फक्त मुलं नाहीत."

"सायबांचं म्हणणं असतं, तळावर कुटुंबं नांदती दिसली पाहिजेत," छानबाई पुटपुटल्या. मग एकदम माझा हात धरला. "पण तुम्ही आणा हो तिला. वर्षभर तरी आणा. रस्ता बंद असेल त्या दिवशी आम्ही चौघी मिळून घेऊ अभ्यास. डॉक्टरीणबाई विज्ञान घेतील. मी भाषा घेईन. काही कमी पडू देणार नाही तिला. घरात आवाज नाही हो कसला. भांडायलासुद्धा कोणी नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. सकाळपासून मला रंगवलेले दगड दाखवत होत्या. पण राग आला नाही, भीती वाटली. कारण मला पटकन पटलं होतं! चौघी शिकवतील, काय बिघडतं? सकाळचं ऊन येणारी खोली आहे. बुटकी माझ्याजवळ राहील. फोनवर फक्त म्हणायचं, बाग फार सुंदर आहे गं, ग्रंथालय आहे, घरात खिडकी आहे. त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

मी ओसरीत जाऊन फोन लावला. आधी हेच बोलले. "हं, अहवाल सांग. पाणी?"

"अहो, पाणी गेलं खड्ड्यात. तिला द्या फोन."

"आई?" बुटकी म्हणाली. तिने श्वास धरून ठेवलेला मला इकडे कळत होता. "कसं आहे?"

मी तोंड उघडलं. बाग, म्हणणार होते. "इथे तुझ्या वयाचं कोणी नाही," मी म्हटलं. "एकही नाही. शाळेचा रस्ता अर्धा महिना बंद असतो. इथल्या सगळ्यांनी आपली मुलं बाहेर पाठवलीत. तू येऊ नकोस."

तिकडून बारीक आवाजात, "बरं. मावशीकडे राहते मग." आणि मग, "आई, थँक्यू हं." हे थँक्यू मला असं लागलं की काय सांगू.

"आणि तू?" तिने विचारलं. "तू तिथे काय करणार? तुला आहे का कोणी?"

"मला? अगं, मला काय धाड भरलीय? सकाळपासून चार मैत्रिणी झाल्यात. नुसता कल्ला चाललाय आमचा. आत्तासुद्धा आत हाका मारतायत."

"खरं?"

"आत्तापर्यंत सगळं खरंच सांगितलं ना? मग!"

ती हसली. मोकळी, हलकी हसली. "मग मला काळजी नाही," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी आत गेले. आत कोणी हाका मारत नव्हतं. चौघी दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. मी नकारार्थी मान हलवली. भटारखानेवाल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. छानबाई उठल्या, माझ्या कपात चहा ओतला आणि समोर बसल्या.

"पहिलं वर्ष फार वाईट जातं," त्या म्हणाल्या.

"आणि दुसरं?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "दुसरंही वाईटच जातं."

मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही, मी त्या चौघींच्या देखत ढसाढसा रडले.