तारांच्या रिंगेतला ट्यूबलेस टायर

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की जोतिबाचा डोंगर जागेवर आहे का नाही तेच कळत नव्हतं. रस्ता ओला, हवा गार, आणि मी आतून हळूहळू रिकामा होत चाललेला.

मी टायर बोलतोय. दूधवाल्या जोतीरामच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा. माझ्या कुशीवर ‘ट्यूबलेस’ असं उठवलंय. मला वाचता येत नाही, पण दुकानात जो तो बोट ठेवून तेच वाचायचा, म्हणून ठाऊक.

त्या दुकानात मी लई दिवस टांगलेला होतो. फिरायला जन्मलेल्याला टांगून ठेवलं की जीवाची नुसती घालमेल होते. एकदाचा जोतीरामचा मुलगा अमरसिंह आला. तेव्हा नव्या गाड्यांना अखंड रिंगा यायला लागल्या होत्या, त्यांना माझ्यासारखे टायर. जोतीरामची गाडी जुनी, तारांच्या रिंगेची.

दुकानदार म्हणाला, “ह्येला ट्यूब घालायलाच लागती. तारंच्या भोकाभोकातनं हवा जाती.”

अमरसिंह म्हणाला, “भोकं बुजवू की. आण्णांनी पंक्चर काढायला पहाटं चाक खोलत बसायचं व्हय?”

पोराची माया खरी होती. आकाराम पंक्चरवाल्यानं रिंगेला आतून चिकट लेप दिला. मी बसलो, हवा टिकली. मग जोतीरामनं जुनी ट्यूब विळ्यानं कापून तिच्या पट्ट्या केल्या. आमच्याकडं दुधाचे कॅन गाडीला ट्यूबच्या पट्टीनंच आवळतात. दोरी ढिली पडते, रबर पडत नाही.

त्याची बायको आक्का म्हणाली, “चांगली ट्यूब कापतासा. ऱ्हाऊ दे की घरात.”

“ट्यूबलेसला ट्यूब कशाला लागती गं?”

कोल्हापुरातल्या एका बाळंतिणींच्या दवाखान्यात जोतीरामचा दुधाचा रतीब होता. एकदा उशीर झालता, तेव्हा तिथल्या स्वयंपाकीण अंबूबाईनं बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर रतीब दुसऱ्याला देईन. शेजारचा पिराजीही दूध घालायचा. त्या रतिबावर त्याचा डोळा आहे, हे गल्लीला माहीत होतं.

भरल्या कॅनच्या वजनानं खड्ड्यात तारा लवायच्या. लेप तडकत होता. मला कळत होतं, पण सांगू कुणाला? आणि त्या धुक्याच्या सकाळी, कोल्हापूरच्या वाटेवर, केर्ली गावाच्या अलीकडं मी पार जमिनीला टेकलो.

जोतीरामनं डिकीतला पंप काढला. हवा भरावी तशी निघून जायची. चाक खोलायचे पाने होते, हात होते, ट्यूब तेवढी नव्हती. होती म्हणा, पण कॅनला आवळलेली.

तेवढ्यात धुक्यातनं पिराजी आला. “काय पावणं, ट्यूबलेस न्हवं का? बसला कसा?” तो हसला. मग त्याची नजर पट्ट्यांवर गेली. त्यानं त्या सोडल्या, जोतीरामचे कॅन आपल्या गाडीवर आवळले आणि किक मारून धुक्यात निघून गेला.

रतीब गेला, असं जोतीरामच्या तोंडावरच दिसत होतं. तो दगडावर बसायचा, उठायचा, रस्ता बघायचा, पुन्हा बसायचा. मीही तसाच तळमळत पडलेला.

पुढं पोटात ट्यूब घेऊन मी लई वर्षं पळालो. आता झिजून गोठ्याच्या दारात पडलोय. वासरू अंग घासतं, पण फिरायची खोड काही जात नाही. थंडीत शेकोटीला मला टाकू नका, एवढंच मागणं.

आणि धुकं पडलं की ती सकाळ आठवते. पिराजी परत आला, खांद्यावर नवी ट्यूब, कॅन रिकामे. जोतीरामला म्हणाला, “रतीब तुझाच हाय. अंबूबाईनं इचारलं, जोतीराम कुठाय? म्हटलं, त्येचं चाक बसलंय, आज मीच त्येचं चाक हाय.”