प्रिय ग्राहक

"नाना, आला का मेसेज? पटकन बघा!"

भिंगरीने फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला आणि दोन्ही हात लॅपटॉपवर आणले. पडद्यावर तीन मिनिटांचं घड्याळ उलटं धावत होतं. बँकेने पाठवलेले सहा आकडे तेवढ्या वेळात भरले नाहीत, तर तिच्या कार्डावर पैसे चढणार नव्हते. सकाळपासून दोन प्रयत्न वाया गेले होते. तिसराही गेला की खातं चोवीस तास बंद. खाली घरमालकीण बाराच्या ठोक्याला महिन्याचं भाडं मागणार होती, आणि जिन्यावर एक मुलगी दोन सुटकेसी घेऊन, ही खोली रिकामी होते का याची वाट बघत ठाण मांडून बसली होती.

"थांब, चष्मा शोधतोय," हजारो मैलांवरून आजोबांचा आवाज आला. "तू जेवलीस का?"

"नाना, चष्मा कपाळावर असेल तुमच्या!"

"अरेच्चा, आहे की. तिकडच्या चलनाचा आजचा भाव पाहिलास का? कालच्यापेक्षा चढलाय. दोन दिवस दम धरलास तर चार पैसे वाचतील."

"दोन दिवसांनी मी फुटपाथवर असेन! वाचा ना!"

"वाचतो की. हं. प्रिय ग्राहक..."

"नुसते आकडे सांगा!"

"...आपल्या प्रवासी कार्डावर रक्कम जमा करण्यासाठीचा क्रमांक पुढीलप्रमाणे आहे. हा क्रमांक कोणालाही सांगू नये." नाना थबकले. "कोणालाही सांगू नये म्हणतायत गं."

"मला सांगायचा असतो! खातं माझं आहे!"

"ते खरंच. घे. चार, सात, शून्य..."

अकरा सेकंद उरले असताना पैसे चढले. भिंगरीने खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली.

"झालं ना?" नाना म्हणाले. "हाही लिहून ठेवला बघ. कॅलेंडरवर, आजच्या तारखेखाली. एकोणीस झाले तुझे."

"नाना, ते आकडे एकदाच चालतात. नंतर नुसता कचरा."

"असू दे गं."

भानगडीचं मूळ तसं साधं होतं. ती आठवीत असताना नानांनी तिला बोटाला धरून बँकेत नेलं आणि खातं उघडून दिलं, तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून खात्याला नंबर नानांचा. देशोदेशी फिरायला निघायच्या गडबडीत तो बदलायचा राहूनच गेला. आता सात महिने झाले होते, पाचवा देश चालू होता. प्रत्येक ठिकाणी नवं चलन, नवी नाणी. पैसे भरताना मात्र दर वेळी तेच. कधी स्टेशनातून, कधी ज्या हॉटेलात चादरी बदलायची तिथल्या मागच्या दाराशी उभं राहून ती नानांना ओरडून सांगायची, नुसते आकडे, नाना, नुसते आकडे! पण मेसेज पहिल्या शब्दापासून वाचला नाही तर तो वाचलाच नाही, असं नानांचं मत होतं.

ती खाली गेली. मालकिणीने कार्ड यंत्राला लावलं, पावती फाडून दिली आणि जिन्यावरच्या मुलीकडे बघून नुसती मान हलवली. मुलगी उठली. सुटकेसी उचलून निघून गेली, तेव्हा एका सुटकेसचं चाक पायरीपायरीवर खडखडत राहिलं.

भिंगरीने पावतीची घडी घातली. अकरा सेकंद! आपण तिच्या जागी असतो तर?

बस्स झालं, असं ठरवूनच ती वर आली. बँकेचं ते पान शोधून काढलं आणि नानांच्या जागी स्वतःचा नंबर टाकला. तर बँकेने बजावलं, खात्रीसाठी जुन्या नंबरावर सहा आकडे पाठवत आहोत.

"घ्या!" ती मोठ्यानेच म्हणाली. नानांना काढायचं, तर तेही नानांनाच विचारून.

नानांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"परत? एवढ्यात उडवलेस?"

"नाही हो. बँकेचं दुसरं काम आहे. बारीकसं." सांगून टाकावं का, असं तिच्या मनात आलं. पण मग का, कशाला, यातच तीन मिनिटं जायची. तिने बटण दाबलं. "आकडे येतील बघा."

"येऊ देत की. चष्मा डोळ्यांवरच आहे. पेन्सिल पण घेऊन बसलोय." तिकडे टिंग वाजलं. "हं, आला."

भिंगरी 'प्रिय ग्राहक'ची वाट बघत राहिली. ते आलं नाही. नानांच्या खोलीतला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"नाना? आहात ना?"

"आहे, आहे." त्यांनी घसा साफ केला. "दोन. नऊ. नऊ. एक. सहा. चार."

एकेक आकडा सुटा, स्वच्छ. तिने भरले. हिरवी खूण उमटली. घड्याळात अजून दीड मिनिट शिल्लक होतं.

"बघा! नुसते आकडे सांगितले की कसं चुटकीसरशी होतं!"

"हो ना. माझ्या डोक्यातच येत नव्हतं."

हिरव्या खुणेखाली एक ओळ हळूच वर सरकली: जुन्या क्रमांकावर तसे कळवण्यात आले आहे. त्याच क्षणी तिकडे पुन्हा टिंग वाजलं.

"प्रिय ग्राहक," नानांनी सवयीने सुरुवात केली आणि ते थांबले.

भिंगरीची बोटं होती तिथेच राहिली.

"काय आलंय, नाना?"

"काही नाही गं. जाहिरात. कर्ज देतो म्हणतात."

"तुम्हाला?"

"मला! या वयात!" ते हसले. तीही हसली, जरा उशिराच.

"सारख्या येतात का हो असल्या जाहिराती?"

"यायच्या," नाना म्हणाले. "आता नाही यायच्या."