डाव्या पायाची शिवण

टेलरबाईंनी पांघरुणात पाय गुंडाळले, काढलेला पायजमा मांडीवर घेतला आणि ब्लेडच्या टोकानं डाव्या पायाच्या शिवणीचे टाके उसवायला सुरुवात केली. गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन होऊन आज दहावा दिवस. पोटाशी ढगळ आणि पायाशी त्यांना आवडतो तसा चोपून बसणारा हा पायजमा सुनेनं शिवला होता, आणि कालपासून तो डाव्या पोटरीला आवळत होता.

"उजवा पाय सैल, डावा घट्ट," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. "कापताना लक्ष कुठे होतं तुझं?"

"कापडावरच होतं, आई," बाहेरच्या दुकानातून सून म्हणाली. चार वर्षं ती सासूच्या हाताखाली शिवत होती, आणि अजून तिचं एकही काज बाईंनी नाक न मुरडता पास केलं नव्हतं.

बाकी बाई खुशीत होत्या. कोणती लक्षणं दिसली तर ताबडतोब यायचं, त्याचा डॉक्टरांनी दिलेला कागद भिंतीला डकवला होता. ताप नाही, रक्तस्राव नाही, टाके कोरडे. टाक्यांबद्दल तर त्यांचं मतच होतं: हात बरा आहे, शेवटची गाठ तेवढी जाड आली. एका पोटरीला सूज, धाप लागणं, या खालच्या ओळी त्या सोडून देत. पोटाच्या ऑपरेशनात पोटरीचा काय संबंध?

चार टाके उसवल्यावर त्यांनी गळ्यातली टेप काढली. चूक दाखवायची तर इंचात दाखवायची, हा त्यांचा शिरस्ता. पायजम्याचा उजवा पाय पोटरीशी, सपाट ठेवून, साडेसात; म्हणजे घेर पंधरा. डावाही साडेसात.

त्यांनी टेप उजव्या पोटरीभोवती फिरवली. चौदा. डाव्या पोटरीभोवती साडेपंधरा. कातडी गरम लागली, दाबल्यावर कळ आली.

बाईंची नजर भिंतीवरच्या कागदाच्या खालच्या ओळींवर गेली. तपासणी परवा आहेच, तोवर गप्प राहावं, असं क्षणभर वाटलं. बोललं तर दीड इंचाची चूक आपल्याच पदरात पडणार होती. त्यांनी पुन्हा मोजलं. साडेपंधराच.

"जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली. "पायजमा बरोबर शिवलायस तू."

मशीन थांबलं. सून दारात आली ती पांढरीफटक.

"काय होतंय तुम्हाला?"

"दोन्ही पाय सारखे आहेत, पायजम्याचे. शिवण छान आहे."

"मी गाडी बोलावते," सून म्हणाली आणि पोटरी बघायच्या आधीच तिनं चपला घातल्या.

सोनोग्राफीत पोटरीत रक्ताची गुठळी दिसली. वर सरकायच्या आत सापडली, नशीब, असं म्हणत डॉक्टरबाईंनी इंजेक्शन सुरू केलं आणि मग कागद पुढे ओढला.

"सूज पहिल्यांदा कुणाला दिसली?"

"मला तर दिसलीच नव्हती," सून म्हणाली. "पण यांनी माझ्या शिवणीचं कौतुक केलं. तेव्हाच म्हटलं, काहीतरी गंभीर आहे."

डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या.

"नाडीचं काज मात्र तिरकं आहे," टेलरबाई छताकडे बघत म्हणाल्या.

सुनेच्या जिवात जीव आला.