झुंबरबाईच्या घरापुढं एकेचाळीस

गावाचं नाव सांगत नाही. उंद्रीच्या अंगाला आहे, एवढं पुरे; नाव सांगितलं तर लोक खातरी करायला यायचे.

झुंबरबाईइतकी घरकुलाची गरज आमच्या गावात कोणाला नव्हती. बाई एकटी, घर मातीचं, आणि मागची भिंत एवढी कललेली की पालीला तिच्यावर चढावं लागत नसे, रस्त्यानं जावं तशी चालत जायची. पण बाईला अर्ज वाचता येईना. अशांसाठीच मेंदी काढणाऱ्या सरवरीनं घरकुल मदत समिती काढली आणि पांढरे केस पाहून मला अध्यक्ष केलं.

घरकुलासाठी आपापल्या कच्च्या घरापुढं सरकारी फोटो काढून घ्यायचा, असा सरवरीनं फळा लिहिला मराठीत, उर्दूत आणि तांड्यावरच्यांसाठी गोरमाटीत. अर्ध्या गावाला तिन्ही वाचता येईनात.

मी म्हटलं, "पोरी, चित्र काढ. चित्राले शाळा लागत नाही."

तिनं तीन चित्रं काढली. कच्चं घर, घरापुढं माणूस, माणसापुढं मोबाइल. कच्चं घर काढायला समोर धरलं झुंबरबाईचंच. मेंदीचा हात तो. भिंतीची एक भेग सुटली नाही.

फोटोच्या दिवशी घरकुलाचे साहेब मोबाइल घेऊन आले, तर झुंबरबाईच्या दारात ही रांग! तांडा आला, मोहल्ला आला, खालची आळी आली. चित्रात हेच घर, म्हणजे फोटो याच घरापुढं काढायचा, हे सगळ्यांना बिनचूक समजलं होतं. एवढं एकमत आमच्या गावात कधी झालं नव्हतं.

शकूर पिंजारी तर निकाहातला कोट घालून आला होता.

"दात काढू नोका बे!" मी ओरडलो. "गरीब दिसा. असे उभे राहा." आणि दाखवायला मीच खांदे पाडून दारात उभा राहिलो.

साहेबांनी खटकन फोटो काढला. "नाव?"

"तुळशीराम," मी सवयीनं बोललो. आधारचा नंबर मला तोंडपाठ आहे. तो अभिमान नडला.

माझं स्वतःचं घर स्लॅबचं आहे, हे इथंच सांगितलेलं बरं.

त्यानंतर मोबाइल कोणालाच घेईना. एका जागेवर एकच माणूस, असा त्याचा कायदा. उरलेल्या चाळीस जणांपैकी एकोणचाळिसांना सरवरीनं आपापल्या घरापुढं नेऊन उभं केलं, त्यांचं भागलं. राहिली झुंबरबाई. तिचं आपलं घर हेच, आणि ते माझ्या नावावर चढलेलं.

"साहेब, माहं नाव काढा," मी म्हटलं.

"घर पाहिजे म्हणायचा रकाना आहे, आजोबा. नको म्हणायचा नाही."

झुंबरबाई आत गेली, गाठोडं बांधलं, बाहेर आली.

"कोठी चालल्या?"

"तुमच्या घरी. सरकारनं तुमाले अठी ठेवलं, मंग मी कोठी राहू? तुमच्याकडं पंखा हाये म्हंतात."

"अवो, पण मी..."

"भितीकडं पाय करून निजा, तुळशीरामभाऊ. अध्यक्षाचं डोकं वाचलं पाह्यजे."

मी सरवरीकडं पाहिलं. ती ओढणीत हसून राह्यली होती. "काका, साहेब चौकशीले येतीन. तुमी अठी दिसले नाई, त मंजूर व्हायच्या आधीच घर जाईन. तुमचंबी आन् झुंबरबाईचंबी."

पाच महिने मी त्या भिंतीखाली निजलो. शेवटी शेवटी पाल मला ओलांडून जायची, वळसा घेईनाशी झाली. तिकडं झुंबरबाई माझ्या पंख्याखाली निजून निजून सर्दीनं बेजार.

मग मंजुरी आली. मातीचं घर पाडलं, त्याच जागेवर दोन खोल्या उठल्या. दारावर पाटी माझ्या नावाची, किल्ली झुंबरबाईच्या कमरेला. गावात याची चर्चा झाली नाही. समितीनं सगळ्यांना चित्र काढून समजावलं होतं.

आता तपासणीला साहेब येणार असले की ती निरोप धाडते. मी जाऊन मालकासारखा ओट्यावर बसतो.

"भाऊ, पाय झटकून बसा," ती आतून सांगते. "घर तुमचं असलं तरी झाडतो मी."