उठायचं नाही, जाऊबाई

भांडण करायला तोंड पुरतं. ते टिकवायला मात्र गुडघे धड लागतात. सासूबाई गेल्या त्या दिवशी धाकटी जाऊ थोरलीला चार माणसांत बोलून गेली होती, "तुम्ही आईंजवळ बसलात तरी कधी?" ते शब्द थोरलीच्या काळजात रुतले. तेव्हापासून धाकटी खोलीत आली की थोरली चष्मा उचलायची आणि चालू लागायची.

पण वय झालं, गुडघे झिजले, उठून जाणंच जड झालं. शेवटी लेकीने तिला अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात आणून सोडलं.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. "मावशी, झिजलेला गुडघा काही नवा होत नाही. काहींचं दुखणं कमी होतं. तुमचं होतंय का बघू."

गुडघ्याच्या वाटीभोवती, नडगीवर, पावलावर केसासारख्या बारीक सुया बसल्या. टोचलं फारसं नाही. आत जडजड मात्र वाटलं. "आता सुया काढेपर्यंत हलायचं नाही," असं बजावून बाई पडद्याबाहेर गेल्या.

आणि देवाची करणी पाहा! पडद्यापलीकडच्या खाटेवरून ओळखीचा खोकला आला.

"तू?"

"मीच. एकाच घरातले जिने चढलो, गुडघे वेगळे कसे राहतील?"

थोरलीने सवयीने अंग उचललं, पायात कळ आली आणि ती मुकाट आडवी झाली.

"जा ना उठून," धाकटी म्हणाली. "बघतेच आज कशा जाता."

"सुया निघू देत, मग दाखवते."

"तोवर तर ऐकाल?" धाकटीचा आवाज खाली आला. "आईंच्या चादरी रोज पहाटे तुम्ही धूत होतात. मला मागाहून कळलं, तेही शेजारणीकडून. सांगायला कितीदा आले, पण दरवेळी तुमची पाठच दिसली. चुकले मी, जाऊबाई."

थोरली छताकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं.

"त्यांनी हाक मारली की तू होतीस गं जवळ. म्हणून तर मला धुणं जमलं," ती म्हणाली. मग नाक ओढून, "पण बोललीस चार माणसांत, आणि माफी पडद्याआड होय?"

"थांबा मग!" धाकटीने आवाज चढवला. "मंडळी, ऐका हो! माझ्या जाऊबाईंनी सासूची मनापासून सेवा केली, आणि मी त्यांना नको ते बोलले!"

"ऐकलं!" लांबच्या खाटेवरून एक आजोबा ओरडले.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अहो, सुया आहेत अंगात! ओरडताय काय?"

"आता नाही ओरडत," धाकटी म्हणाली. "काम झालं."

सुया निघाल्या. थोरलीने पाय टेकवून पाहिला. ठणका थोडा उतरला होता. दोघी एकमेकींचा दंड धरून दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या, आणि रस्त्याला लागेपर्यंत त्यांचं पुन्हा जुंपलंही: जास्त दुखतो कुणाचा गुडघा?